लंगोटाखालची त्वचा : दाह, त्याची कारणे आणि घरगुती उपचार

मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत घरातील माणसांना ज्या किरकोळ दुखण्यांना तोंड द्यावे लागते, त्यांत लंगोटाच्या जागी होणारा त्वचेचा दाह हे अगदी नेहमीचे दुखणे होय. कुल्ले, मांड्यांचा वरचा भाग, ओटीपोट आणि जननेंद्रियांभोवतालची त्वचा लाल होते, चकाकू लागते. कधी तिच्यावर बारीक पुरळ उठते, तर कधी सालटे जाऊन आतली हुळहुळी, ओलसर त्वचा उघडी पडते. लंगोट बदलताना मूल कळवळते आणि लघवी झाली की किंचाळून रडते. कोणी यास बाळ 'काचले' असे म्हणतात, कोणी 'अंगातली उष्णता बाहेर पडली' असे म्हणतात. शहरांतून आता 'रॅश' हाच शब्द रूढ झाला आहे.

हे दुखणे बहुधा घरच्या घरी, तीन-चार दिवसांत आणि अत्यल्प खर्चात बरे होते. तरीही त्याचा विचार गांभीर्याने करणे आवश्यक आहे आणि त्याचे कारण दुखण्यापेक्षा उपचारांत अधिक आहे. हा साधा दाह मुलाच्या जिवावर बेतत नाही. परंतु तो हटवण्यासाठी लावलेल्या भुकट्या, द्रव आणि मलमे मुलांच्या जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेली आहेत. म्हणूनच या दाहाचे कारण काय, त्यावर काय करावे आणि काय मुळीच करू नये, या तिन्ही गोष्टी घरातील प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असल्या पाहिजेत.

त्वचेचे संरक्षक कवच

त्वचेचा सर्वांत बाहेरचा पातळ थर मृत पेशींचा बनलेला असतो. त्यास शृंगस्तर म्हणतात. या पेशी भिंतीतील विटांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत चुन्यासारखा स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरील जंतू व रसायने आत येऊ न देणे, हे या भिंतीचे काम होय. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. ही आम्लता जंतूंना आवर घालते आणि भिंतीची डागडुजी नीट चालू ठेवते. जन्माच्या वेळी मुलाच्या त्वचेत ही आम्लता जवळजवळ नसते. ती पुढील काही आठवड्यांत हळूहळू येते.

बराच वेळ धुणे धुतल्यावर बोटांची टोके पांढरी पडून सुरकुततात, हा अनुभव सर्वांचा आहे. पाणी शोषून शृंगस्तर फुगतो आणि मऊ पडतो. अशी फुगलेली त्वचा थोड्याशा घासण्यानेही सोलवटते. लंगोटाखाली हीच स्थिती तासन् तास राहते. नवजात बालक दिवसरात्रीत वीस किंवा त्याहूनही अधिक वेळा लघवी करते; वर्षाचे होईतो हे प्रमाण सुमारे सातवर येते. ओल, ऊब आणि कापडाचे घर्षण एकत्र आले म्हणजे संरक्षक भिंतीच्या विटा ढिल्या होऊ लागतात. यापुढचे नुकसान विष्ठेमुळे होते.

कारणांचा शोध

या विकाराचे तपशीलवार वर्णन फ्रेंच वैद्य जॅके यांनी 1905 मध्ये केले. त्यानंतर 1921 मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ कूक यांनी असे मत मांडले, की लंगोटातील जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात आणि हा अमोनियाच त्वचेस भाजतो. लंगोट उलगडताच नाकात शिरणारा उग्र दर्प पाहता हे स्पष्टीकरण सहज पटण्यासारखे होते. परिणामी पुढील कित्येक दशके सारा भर जंतू मारण्यावर राहिला. लंगोट जंतुनाशक द्रवांत बुडवणे, त्वचेवर जंतुनाशक भुकटी शिंपडणे, असे उपाय पाश्चात्त्य देशांत सर्रास होऊ लागले.

1977 मध्ये अमेरिकेतील लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाह झालेल्या व न झालेल्या मुलांची तुलना केली. अमोनिया निर्माण करणारे जंतू दोन्ही गटांत सारखेच आढळले. शिवाय धडधाकट त्वचेवर अमोनिया लावूनही दाह उत्पन्न झाला नाही. खरा उलगडा 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून झाला. विष्ठेत प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, शिल्लक असतात. आतड्यात जे काम ती अन्नावर करतात, तेच काम ती त्वचेवरही करू शकतात. आम्लधर्मी वातावरणात त्यांचा जोर कमी असतो. परंतु विष्ठा आणि लघवी एकत्र आली, की युरियापासून अमोनिया होतो, त्वचेची आम्लता नाहीशी होते आणि ही विकरे जोमाने कामास लागतात. अशा रीतीने अमोनिया हा स्वतः घाव घालणारा नसून, घाव घालणाऱ्याच्या हातात शस्त्र देणारा ठरला.

या उलगड्याने अनेक नेहमीच्या अनुभवांची संगती लागते. केवळ लघवीने ओला झालेला लंगोट काही काळ राहिल्यास होणारे नुकसान थोडे असते. विष्ठा आणि लघवी एकत्र राहिल्यास ते झपाट्याने होते. अतिसार झाला, की एका दिवसात कुल्ले लालभडक होतात. कारण अन्न आतड्यातून वेगाने पुढे सरकल्याने विकरे मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. केवळ अंगावर पिणाऱ्या मुलाच्या विष्ठेत आम्लता अधिक व विकरांचा जोर कमी असतो. त्यामुळे अशा मुलास हा त्रास कमी होतो. वरचे अन्न सुरू झाल्यानंतर, विशेषतः नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास, दाहाचे प्रमाण वाढते. याच काळात दातही येत असल्याने दाहाचा दोष पुष्कळदा दातांवर येतो. 'अंगातल्या उष्णतेचा' मात्र या घटनेशी संबंध नाही, आणि आईने खाणे बेचव करून घेतल्यानेही हा दाह बरा होत नाही. बाळंतिणीस पोटभर, चौरस अन्न मिळणे हे मुलाच्या त्वचेच्याही हिताचे आहे.

जुनी रीत आणि नवी सोय

भारतातील घरांत तान्ह्या मुलास दिवसभर लंगोटात बांधून ठेवण्याची रीत फारशी नव्हती. जुन्या सुती धोतरांचे किंवा लुगड्यांचे धुऊन-धुऊन मऊ झालेले तुकडे लंगोट म्हणून वापरले जात. महाराष्ट्रातील दुपटे काय किंवा बंगालमधील जुन्या साड्यांची कांथा काय, दोहोंमागे विचार एकच: हवा खेळती ठेवणारे, पाणी शोषणारे आणि कडक नसलेले कापड बाळाच्या अंगाशी असावे. मूल उठल्यावर वा दूध प्याल्यावर त्यास पायांवर घेऊन 'शू-शू' असा आवाज करण्याची आजीची पद्धतही याच दृष्टीने मोलाची होती. लघवी आणि शी लंगोटाबाहेर झाल्याने त्वचेचा आणि मळाचा संपर्कच टळत असे.

कागदी लंगोट, म्हणजे एकदा वापरून टाकून द्यावयाचे 'डायपर', आता शहरांप्रमाणे खेड्यांतूनही मिळतात. 1980 च्या दशकात त्यांच्या आत अतिशोषक पदार्थाचे कण घालण्यात येऊ लागले. हे कण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पटींनी द्रव शोषून त्याचा घट्ट गोळा करतात, त्यामुळे त्वचा तुलनेने कोरडी राहते आणि लघवी विष्ठेत कमी मिसळते. अशा लंगोटांमुळे दाहाचे प्रमाण घटल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. मात्र हा लाभ लंगोट वेळेवर बदलल्यासच मिळतो. किमतीमुळे एकच लंगोट सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवावा लागत असेल, तर त्यापेक्षा वारंवार बदललेला जुनेराचा तुकडा केव्हाही बरा. सुती लंगोटावर प्लॅस्टिकची वा रबरी चड्डी घालणे मात्र टाळावे. तिच्यामुळे ओल आणि ऊब दोन्ही कोंडून राहतात.

घरगुती उपचार

उपचाराचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: त्वचा स्वतःच बरी होते, तिला फक्त ओल, मळ आणि घर्षण यांपासून काही दिवस दूर ठेवावे लागते. त्यासाठी पुढील चार गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली गोष्ट, लंगोट वारंवार बदलणे. दाह असेपर्यंत दिवसा दर दोन तासांनी लंगोट पाहावा आणि शी झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता बदलावा. नवजात बालकाच्या बाबतीत याहूनही अधिक वेळा पाहावे लागते. रात्री निदान एकदा उठून बदलणे आवश्यक आहे. ही जागरणे एकट्या मातेवर न टाकता घरातील इतरांनी वाटून घेतल्यास उपचारात खंड पडत नाही.

दुसरी गोष्ट, हळुवार स्वच्छता. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड किंवा कापूस एवढे साहित्य पुरेसे असते. लघवी झाल्यावर प्रत्येक वेळी साबण लावू नये. बहुतेक साबण अल्कधर्मी असल्याने त्वचेची उरलीसुरली आम्लताही नाहीशी करतात. शी चिकटून वाळली असल्यास ती खरवडू नये. थोडे खोबरेल तेल कापसावर घेऊन ती सैल करावी आणि मग धुवावी. मुलींना नेहमी पुढून मागे पुसावे, म्हणजे विष्ठेतील जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. बाजारी ओले रुमाल वापरावयाचे असल्यास त्यांत सुगंध आणि अल्कोहोल नसावे. त्वचा सोललेली असताना मुलास कोमट पाण्याच्या पातेल्यात काही मिनिटे बसवल्यास पुसण्याचे दुःख वाचते. या वेळी त्यास क्षणभरही एकटे सोडू नये.

तिसरी गोष्ट, हवा. धुतल्यानंतर त्वचा घासून पुसू नये, तर कापड हलकेच टेकवून पाणी टिपावे आणि मग मुलास काही वेळ लंगोटाविना राहू द्यावे. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटे त्वचा उघडी राहिली तरी फरक दिसतो. अधिक वेळ मिळाल्यास उत्तमच. सतरंजीवर मेणकापड व त्यावर जुने दुपटे अंथरले, की अंथरूण खराब होण्याची चिंता राहत नाही. त्वचा वाळवण्यासाठी शेक किंवा धुरी देऊ नये. भाजण्याची भीती तर असतेच. शिवाय धूर मुलाच्या श्वासमार्गास अपायकारक असतो.

चौथी गोष्ट, आडपडदा. कोरड्या त्वचेवर असा थर द्यावा, की पुढची लघवी वा शी त्वचेपर्यंत पोचणारच नाही. जस्ताचे मलम, म्हणजे झिंक ऑक्साइडचे मलम, यासाठी उत्तम होय. ते औषधाच्या दुकानात सहज मिळते. ते नसल्यास साधी पेट्रोलियम जेलीही चालते. बोटाने चोळून जिरवण्याचे हे मलम नव्हे. भिंतीस गिलावा करावा तसा जाड थर द्यावा लागतो. पुढच्या वेळी लंगोट बदलताना सारा थर खरवडून काढू नये. वरचा मळलेला भाग तेवढा टिपून घ्यावा आणि त्यावर पुन्हा मलम लावावे. पूर्ण थर काढण्याच्या खटाटोपातच नव्याने आलेली कोवळी त्वचा निघून जाते.

तेलांच्या बाबतीत थोडा विवेक हवा. खोबरेल तेल सौम्य असून कोकणापासून केरळपर्यंत ते पिढ्यान् पिढ्या वापरले गेले आहे. ते जस्ताच्या मलमाइतका भक्कम आडपडदा निर्माण करत नाही. परंतु सौम्य लालीत उपयोगी पडते. उत्तर आणि पूर्व भारतात मालिशासाठी वापरले जाणारे मोहरीचे तेल मात्र दाह झालेल्या जागी लावू नये. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात या तेलाने त्वचेची संरक्षक भिंत भरून येण्यास विलंब लागतो असे आढळले. दाह झालेल्या त्वचेवर आईचे दूध लावण्याची चाल अनेक समाजांत आहे. काही वैद्यकीय चाचण्यांत त्याचा सौम्य दाहात उपयोग दिसून आला असून, त्यापासून अपाय होत नाही. तथापि ओल काढणे, धुणे आणि हवा देणे या गोष्टींस ते पर्याय ठरत नाही.

लंगोट धुण्याची रीत

सुती लंगोट धुताना प्रथम त्यावरील मळ पाण्याने काढून टाकावा, मग साबणाने धुवावा आणि शेवटी स्वच्छ पाण्यातून दोन-तीन वेळा खळबळून काढावा. कापडात साबणाचा अंश राहिला, की लघवीने ओले होताच तो त्वचेस झोंबतो. अधूनमधून लंगोट पाण्यात उकळावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. सुगंधी द्रव, नीळ किंवा खळ यांचा वापर करू नये.

पावसाळ्यात कोकणात, आसामात किंवा केरळात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट लंगोट मुलास बांधण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटते. अशा दिवसांसाठी लंगोटांची संख्या जास्त ठेवणे, इस्त्री फिरवून उरलेली ओल काढणे आणि घरात असताना मुलास लंगोटाविना दुपट्यावर ठेवणे हे उपाय करता येतात. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली दुपटी व झबली थेट मुलाच्या अंगावर घालू नयेत. या गोळ्यांत पुष्कळदा नॅफ्थॅलीन असते. ज्या मुलांच्या तांबड्या पेशींत जन्मतःच एका विशिष्ट विकराची उणीव असते, त्यांच्या पेशी नॅफ्थॅलिनच्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही उणीव भारतातील अनेक समाजांत आढळते आणि ती बाहेरून ओळखता येत नाही.

बुरशीमुळे होणारा दाह

साधा दाह तीन दिवसांच्या योग्य उपचाराने उतरणीस लागला पाहिजे. तसे न झाल्यास त्यावर कॅन्डिडा नावाच्या बुरशीने बस्तान मांडले असण्याचा संभव असतो. ही बुरशी आतड्यात आणि विष्ठेत असतेच. ओल्या, सोललेल्या त्वचेवर तिला वाढीस अनुकूल जागा मिळते. मुलास नुकतीच प्रतिजैविक औषधे, म्हणजे अँटिबायोटिके, दिली गेली असतील तर हा संभव वाढतो.

दोन्ही दाहांतील फरक घरच्या माणसासही ओळखता येतो. साधा दाह लंगोट जेथे घासतो त्या उंचवट्यांवर, म्हणजे कुल्ल्यांवर व मांड्यांवर असतो आणि जांघेच्या वळ्या बहुधा कोऱ्या राहतात. बुरशीचा दाह उलट वळ्यांतच खोलवर शिरतो. त्याचा रंग गडद लाल असतो, कडा स्पष्ट दिसतात आणि कडेच्या पलीकडे लहान लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. मुलाच्या जिभेवर किंवा गालांच्या आत सहज न निघणारे पांढरे डाग दिसल्यास ही शंका अधिकच बळावते. या स्थितीत क्लोट्रिमॅझोल, मिकोनॅझोल किंवा निस्टॅटिन यांपैकी एखादे बुरशीनाशक मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे लागते. आधी बुरशीनाशकाचा पातळ थर आणि त्यावर जस्ताच्या मलमाचा आडपडदा, असा क्रम ठेवावा. लाली गेल्यासारखी वाटताच औषध बंद करू नये. सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.

जे लावू नये

लंगोटाखालची त्वचा हे शरीराचे एक उघडे दार आहे, ही गोष्ट सदैव ध्यानात ठेवली पाहिजे. अर्भकाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या तुलनेत दुपटीहून अधिक असते. लंगोटाच्या बंद उबेत शोषण वाढते आणि सोललेली त्वचा तर काहीच अडवत नाही. त्यामुळे तेथे लावलेली वस्तू केवळ तेथेच न राहता रक्तात जाते.

बोरिक पावडर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. ती एकेकाळी निरुपद्रवी जंतुनाशक म्हणून घरोघरी वापरली जात असे. 1953 मध्ये कॅनडातील अल्टन आणि रिचर्ड गोल्डब्लूम या पितापुत्र वैद्यांनी आपल्या 4 रुग्णांबरोबर जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयातून बोरिक आम्लाच्या विषबाधेच्या 109 नोंदी एकत्र केल्या. त्यांत मृत्यूंचे प्रमाण मोठे होते आणि लंगोटाच्या दाहावर ही पावडर लावलेल्या अर्भकांचाही समावेश होता. भारतात कॅरमच्या पाटावर टाकण्यासाठी ही पावडर आजही घराघरांत असते. ती मुलाच्या त्वचेवर कदापि लावू नये.

1967 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील एका नवजात कक्षात बालकांना अकस्मात दरदरून घाम व धाप येऊ लागली आणि दोन बालके दगावली. लंगोट व चादरी धुताना बुरशी धरू नये म्हणून घातलेले पेंटाक्लोरोफिनेट कापडातून त्यांच्या शरीरात गेले होते. 1972 मध्ये फ्रान्समध्ये एका टाल्कम पावडरीत चुकून हेक्साक्लोरोफिन हे जंतुनाशक सुमारे 6 टक्के मिसळले गेले. 204 मुले आजारी पडली आणि त्यांतील 36 दगावली. 1981 मध्ये अमेरिकेत अवघ्या चार महिन्यांच्या एका मुलाची नोंद झाली. त्याच्या दाहावर वारंवार खाण्याचा सोडा लावला गेल्याने रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडले होते. अर्जेंटिनातील ब्युनोस आयरिस येथे व्यावसायिक धुलाईत लंगोटांना पाऱ्याचे संयुग लावले गेले आणि तो पारा अर्भकांच्या लघवीत आढळला. याचा अहवाल 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. या साऱ्या घटनांत पदार्थ निरनिराळे होते, परंतु मार्ग एकच होता.

टाल्कम पावडरही टाळणेच इष्ट. ती ओल फारशी शोषत नाही, वळ्यांत तिचे खडे होऊन ते घासतात आणि शिंपडताना उडालेली धूळ मुलाच्या फुप्फुसात जाते. हळद, चुना, राख आणि जंतुनाशक द्रव यांनाही सोललेल्या त्वचेवर स्थान नाही. मधही लावू नये. एक वर्षाखालील मुलाच्या तोंडात तो गेल्यास घातक विषबाधेचा धोका असतो.

तथापि आजच्या भारतात सर्वाधिक सावध राहावे लागते ते स्टेरॉइडयुक्त मलमांच्या बाबतीत. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि स्टेरॉइड अशी तीन-चार औषधे एकत्र केलेल्या नळ्या दुकानातून सहज हाती पडतात. त्यांतील बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही तीव्र स्टेरॉइडे असतात. ती लावताच एका दिवसात लाली ओसरते आणि घरच्यांचा विश्वास बसतो. प्रत्यक्षात बुरशी आत वाढत असते. नळी बंद केली की दाह दुप्पट जोराने उलटतो आणि नळी पुन्हा सुरू होते. आठवड्यांमागून आठवडे असे चालल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते. स्टेरॉइड रक्तात शोषले जाऊन मुलाचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा होतो, रक्तदाब वाढतो, उंची खुंटते आणि शरीराची स्वतःची संप्रेरके बनवण्याची शक्ती मंदावते. हा गोलसर चेहरा पाहून मूल बाळसे धरत आहे असा गैरसमजही होतो. 2018 मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक स्टेरॉइडांच्या मलमांचा औषध नियमांच्या अनुसूची 'एच' मध्ये समावेश केला. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. नियम असला तरी पालकांनी नळीवरील घटकांची नावे वाचून घ्यावीत, वाचता येत नसल्यास वाचून घेववावीत. शेजारच्या मुलास लागू पडलेली नळी आपल्या मुलास लावू नये. असे मलम दीर्घकाळ लावले गेले असेल, तर ते एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे

मूल दीड महिन्याहून लहान असेल, ताप असेल, त्वचेवर पाण्याने किंवा पुवाने भरलेले फोड आले असतील, रक्त येत असेल किंवा दाह लंगोटाबाहेर पसरत असेल, तर घरगुती उपचारांवर विसंबून राहू नये. तीन दिवस काटेकोर उपचार करूनही उतार न पडल्यास किंवा बुरशीची लक्षणे दिसल्यासही दाखवावे. कुल्ल्यांबरोबरच तोंडाभोवती आणि हातापायांवर चट्टे, जुलाब आणि केस गळणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास शरीरात जस्ताची उणीव असू शकते. ती वरून मलम लावून भरून निघत नाही.

अतिसारामुळे दाह झालेला असताना घरच्यांचे लक्ष लाल झालेल्या त्वचेकडे लागते; परंतु खरा धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा असतो. अंगावर पाजणे चालू ठेवावे, जलसंजीवनी म्हणजे ओ.आर.एस. पाजावे आणि डॉक्टरांच्या किंवा आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये अतिसारात जस्त 10 ते 14 दिवस देण्याची शिफारस केली: सहा महिन्यांखालील मुलास रोज 10 मिलिग्रॅम आणि त्यावरील मुलास रोज 20 मिलिग्रॅम. डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे किंवा दूध न पिणे ही चिन्हे दिसताच दवाखाना गाठावा.

एरवी मात्र या दुखण्यात घाबरून जाण्यासारखे काही नाही. कोमट पाणी, मऊ कापड, मोकळी हवा आणि जस्ताच्या मलमाचा जाड थर एवढ्या सामग्रीवर बहुतेक मुलांची त्वचा तीन-चार दिवसांत पूर्ववत होते. पाळणाघरात, आजोळी किंवा दाईच्या हाती मूल सोपवताना हे चार उपाय आणि न लावण्याच्या वस्तूंची यादीही त्यांना सांगून ठेवावी. कारण लंगोट बदलणारे हात अनेक असले, तरी मुलाची त्वचा एकच असते.